सबुरीचा सल्ला

‘सबुरीचा सल्ला’ हा शब्दप्रयोग वर्तमानपत्रांतून वारंवार वाचावयास मिळतो. मोर्चा निघाला की मोर्चेकऱ्यांना सबुरीचा सल्ला दिला जातो. नांदूर-मधमेश्वर कालव्याच्या आवर्तनाची वाट पाहणाऱ्या आपल्या तालुक्यातील शेतकऱ्यालाही तो नवा नाही. सल्ला देणाऱ्याच्या विहिरीला मात्र बहुधा पाणी असते! त्यामुळे सबुरी म्हणजे निमूट बसणे, असा अर्थ आपल्या मनात रुजला आहे. माझ्या मते हा त्या शब्दावर अन्याय आहे.

शब्दाचे मूळ पाहू. अरबीत ‘सब्र’ म्हणजे धीर. त्या धातूचा जुना अर्थ आवरून धरणे, रोखणे असा आहे. ‘सबूर’ म्हणजे अतिशय धीर धरणारा. इस्लामी परंपरेत ईश्वराच्या ९९ नावांत हे नाव घेतले जाते. फारसीने त्याचे ‘सबूरी’ असे भाववाचक नाम केले व ते मराठीत आले. पुढे शिर्डीच्या साईबाबांमुळे ‘श्रद्धा’ या संस्कृत शब्दाच्या शेजारी ते घरोघरी जाऊन बसले.

मराठी माणसाने ‘सबूर!’ हा उद्गारही केला. भांडणात हात उगारणाऱ्याला आपण ‘सबूर!’ म्हणतो, तेव्हा त्याने पळून जावे असे सुचवीत नाही. हात आवरावा एवढेच सांगतो. हा अर्थ मूळ धातूच्या फार जवळचा आहे. ‘निवांत’ माणसाला काही आवरावे लागत नाही. सबुरीला मात्र आत उसळणारे काहीतरी असावे लागते.

याचे उदाहरण आपल्या मराठवाड्यातच आहे. १९३८ साली तेव्हाच्या औरंगाबादेतील आणि हैदराबादेतील विद्यार्थ्यांनी ‘वंदे मातरम्’ म्हणण्याच्या हक्कासाठी सत्याग्रह केला. कॉलेजातून नावे कमी झाली, तरी ते हटले नाहीत. अनेकांनी नागपूर गाठून शिक्षण पुरे केले. निजामी राजवट संपायला १७ सप्टेंबर १९४८ उजाडावा लागला. त्या दहा वर्षांच्या धीराला निमूटपणा कोण म्हणेल?

सबुरी ही स्वतः धरावयाची गोष्ट आहे. दुसऱ्यावर लादली की तिचे झाकण होते. तेव्हा मित्रहो, यापुढे कोणी सबुरीचा सल्ला दिला, तर ती किती दिवस धरावयाची आणि त्यानंतर पाणी नक्की केव्हा येणार, हे विचारावयास हरकत नसावी. तो प्रश्न आवाज न चढवता, पण उत्तर मिळेपर्यंत विचारीत राहणे, हीही सबुरीच.