स्वस्त संभाषणाचा अपुरा हिशेब

महाडच्या औद्योगिक वसाहतीलगतच्या बिरवाडीत कचेरीचा ईपीएबीएक्स इंटरनेटला जोडावा काय, हा प्रश्न वरकरणी केवळ बिलाचा वाटतो. मधला सर्व्हर आवाजाचे सेकंदाला 8,000 नमुने लहान पुडक्यांत बांधून धाडतो, आणि मुंबईच्या मुख्य कचेरीशी बोलणे जवळजवळ फुकटात पडते. सरकारने 1 एप्रिल 2002 पासून इंटरनेट-संभाषणास परवानगी दिली खरी. मात्र देशांतर्गत साध्या दूरध्वनीशी त्याची सांगड घालण्यास मज्जाव ठेवला. परवानाधारक कंपन्यांचे उत्पन्न राखण्याचाच तो खटाटोप म्हणावा लागेल. 2018 मध्ये ही अडचण बरीचशी दूर झाली.

परंतु बचतीचा हिशेब येथे संपत नाही. तांब्याच्या तारेला एक्स्चेंजमधूनच 48 व्होल्टची वीज मिळे. गावातील दिवे गेले तरी फोन चालत असे. आता ती तजवीज ज्याची त्याने करावयाची. जुलै 2021 मध्ये सावित्रीच्या पुराने महाड बुडाले, तळियेत दरड कोसळली, तेव्हा वीज आणि संपर्क दोन्ही तुटले होते. (पुरात एक्स्चेंजही बुडू शकते, हे मान्य.) रासायनिक कारखान्यांच्या सान्निध्यात राहणाऱ्यांना धोक्याची वर्दी वेळेवर मिळावयाची, तर बचतीचा काही अंश बॅटऱ्यांवर आणि संपर्काच्या दुसऱ्या स्वतंत्र मार्गावर खर्च करण्याचे बंधन शासनाने कारखान्यांवर का घालू नये?