पांदणीतली सायकल

मंडळी, आधी एक कबुली देतो. गेल्या महिन्यात मी सायकलवरून पडलो. नाल्याच्या वाळूत पुढचे चाक रुतले आणि मी डाव्या कुशीवर आडवा झालो. कोपर खरचटले, बाकी काही नाही. घरी सांगितले की बाभळीच्या फांदीने ओरखडा आला. आता हे वाचून पुण्याहून चिरंजीवांचा फोन येणार, हे मला ठाऊक आहे. येऊ दे. पण फोन करण्याआधी त्याने शेवटपर्यंत वाचावे, एवढीच विनंती.

त्याचे असे झाले. गेल्या दिवाळीत नातू इकडे आला, तो आपली जुनी गिअरची सायकल घेऊनच. त्याला नवी मिळाली, पन्नास हजारांच्या वरची. जुनी विकून फारसे काही येत नव्हते म्हणून ती आजोबांच्या पडवीत आली. जाड टायर, पुढे शॉकअप, हँडल सरळ, मडगार्ड नाही, घंटी नाही, स्टँडसुद्धा नाही. भिंतीला टेकवून ठेवायची. "आजोबा, ही माउंटन बाईक आहे," असे सांगून तो गेला. मी मनात म्हटले, अहेरीत माउंटन कुठला? आमच्याकडे प्राणहितेचा काठ, धानाच्या बांध्या आणि पांदणी.

महिनाभर तिच्यावर धूळ बसली. मग एका सकाळी दूधवाला आला नाही, म्हणून तिच्यावर टांग टाकली. टांग टाकली म्हणतो खरा, पण कमरेने साथ दिली नाही. सायकल आडवी करून पाय पलीकडे नेला. पहिली दहा पावले हँडल थरथरत होते. पुढे काय झाले ते नीट सांगता येत नाही. दूध घ्यायला जाणारा मी वांगेपल्लीच्या रस्त्याने नदीकडे निघालो, आणि परत आलो तेव्हा दूध विसरलो होतो.

तेव्हापासून आठवड्यातून चार दिवस जातो. वय चौऱ्याहत्तर. लोक विचारतात, "काहून जी सर, गाडी बिघडली का?" सायकलवर दिसलेल्या म्हाताऱ्याची एक तर गाडी बिघडलेली असते किंवा परिस्थिती, असा आपला समज आहे. या समजाबद्दलच आज लिहायचे आहे.

मी नोकरीला लागलो तेव्हा गडचिरोली जिल्हा झालेला नव्हता. तो १९८२ साली झाला. त्याआधी आम्ही सगळे चांदा जिल्ह्यातले. तेव्हा मास्तर, पोस्टमन, वनरक्षक, ग्रामसेवक हे सगळे सायकलवर असत. रस्ते मुरमाचे, पावसाळ्यात चिखलाचे. नाला आला की सायकल खांद्यावर. नदी आली की नावेत आडवी टाकायची आणि पलीकडे गुडेमला उतरायचे. ते तेव्हा आंध्र प्रदेशात होते, २०१४ पासून तेलंगणात आहे. आता तर प्राणहितेवर पूल झाला. एकदा आम्ही तिघे शिक्षक आलापल्लीच्या पुढे भामरागड रस्त्याला वनवैभव पाहायला सायकलींवर गेलो होतो. ते आभाळाला भिडलेले साग मान वर करून पाहताना माझी सायकल सरळ खड्ड्यात गेली होती. त्या जंगलाला २०१४ साली जैवविविधता वारसा स्थळाचा मान मिळाला. आम्हाला मान दुखण्याचा मान त्याआधीच मिळाला होता!

आज ज्याला पैसे मोजून माउंटन बायकिंग म्हणतात, ते आमचे पोस्टमन पगारात करत होते.

पण त्या खेळाचा इतिहास पाहिला तर त्याचीही सुरुवात महागड्या सायकलींनी झालेली नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या मरीन काउंटीत १९७० च्या दशकात काही तरुण मुले १९३०-४० च्या काळातल्या जुन्या, जड, जाड टायरच्या सायकली भंगारातून आणत आणि डोंगरावरून कच्च्या वाटेने खाली सोडत. १९७६ च्या ऑक्टोबरात त्यांनी एका उतारावर शर्यत लावली. त्या सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्ये असे. उतरता उतरता हब इतका तापायचा की आतले ग्रीस जळून धूर निघायचा, आणि खाली पोहोचल्यावर हब उघडून नव्याने ग्रीस भरावे लागायचे. त्यावरूनच त्या शर्यतीचे नाव 'रिपॅक' पडले. त्याच मंडळींपैकी गॅरी फिशर, चार्ली केली आणि टॉम रिची यांनी पुढे अशा सायकली बनवून विकायला सुरुवात केली. १९९६ साली हा खेळ अटलांटा ऑलिम्पिकमध्ये गेला. म्हणजे वीस वर्षांत भंगारातून ऑलिम्पिक! सांगायचा मुद्दा असा की मुळात ती गंमत होती, सामान नंतर आले.

सामानाला मी नावे ठेवत नाही बरे का. गणिताचा तास कधी कधी मीही घेतलेला आहे, म्हणून एका दुपारी दाते मोजले. माझ्या जुन्या काळ्या सायकलीला पुढे ४४ दाते आणि मागे १८ असत. पायडलचा एक फेरा मारला की सायकल जवळजवळ साडेपाच मीटर पुढे जायची. सपाटीवर छान, पण चढावर मांड्या भरून यायच्या. नातवाच्या सायकलीला पुढे तीन चेनव्हील आहेत आणि मागे सात चकत्या. सगळ्यात हलका गिअर टाकला की पुढे २४, मागे २८. एका फेऱ्याला सायकल जेमतेम पावणेदोन मीटर सरकते. वेग बैलगाडीचा, पण गुडघ्यावर भार नाही. नदीकाठची चढण मी न उतरता चढतो, ती या दात्यांच्या जोरावर. जाड टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवली की तो जमिनीवर पसरतो आणि मुरमावर घसरत नाही. वाळूत मात्र त्याचेही चालत नाही, हे कोपराने मला शिकवले आहे.

आपल्या नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची सुमारे ४८०० किलोमीटरची शर्यत एकट्याने पूर्ण केली. त्यांच्यापुढे हात जोडतो. पण माझा आनंद त्या जातीचा नाही. मी सहा-सात किलोमीटर जातो, मध्ये दोनदा थांबतो. मार्चमध्ये मोहाखाली थांबलो होतो. पहाटेपासून फुले वेचणाऱ्या बाया टोपल्या भरून बसल्या होत्या. त्यातल्या एकीने ओळखले. "सर, मी तुमच्या हाताखाली शिकली जी." गेली सतरा-अठरा वर्षे मी स्कूटीवर त्याच रस्त्याने जात होतो. ती कधी दिसली नव्हती, की मला दिसायला वेळ नव्हता?

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला बसलो, तिच्याकडे येतो.

१९८५ च्या डिसेंबरात बाबा आमट्यांचे 'भारत जोडो' अभियान कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाले. तरुण मुले-मुली सायकलींवर होती. बाबांना पाठीच्या दुखण्यामुळे बसता येत नव्हते, ते गाडीत आडवे पडून त्यांच्याबरोबर गेले. आमच्या जिल्ह्याशेजारच्या आनंदवनातला माणूस देश जोडायला सायकली घेऊन निघाला, म्हणून शाळेत मी फळ्यावर नकाशा काढून मुलांना त्याबद्दल सांगितले. चांगले भाषण झाले. आणि त्याच हिवाळ्यात मी स्कूटर घेतली आणि माझी सायकल १२० रुपयांना विकून टाकली. पडवीत अडचण होत होती, आणि खरे सांगायचे तर दारात सायकल दिसणे मला कमीपणाचे वाटू लागले होते.

त्या वर्षी नववीत एक मुलगी होती. गाव शाळेपासून सात किलोमीटर, वाटेत दोन नाले. रोज पायी यायची. अक्षर मोत्यासारखे. उशीर झाला की मी तिला वर्गाबाहेर उभे करत असे. सगळ्यांना करत असे, तिलाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती आली नाही. वडील म्हणाले, "लांब पडते जी गुरुजी." मी हळहळलो आणि हजेरीपटावरून नाव कमी केले. माझी सायकल तेव्हा पडवीतच उभी होती. ती त्या मुलीला द्यावी, हे मला सुचलेसुद्धा नाही. नकाशा काढून दाखवणाऱ्या मास्तरला सात किलोमीटरचे अंतर कळले नाही.

पुढे मानव विकास कार्यक्रमातून आमच्यासारख्या मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळू लागल्या. बिहारने हे २००६ साली सुरू केले होते. तिथल्या अभ्यासात असे दिसले की सायकलीमुळे माध्यमिक शाळेत नाव घालणाऱ्या मुलींचे प्रमाण सुमारे ३२ टक्क्यांनी वाढले, आणि शाळा जितकी लांब तितका फायदा जास्त. त्या आकड्यात आमच्या नववीतल्या त्या मुलीसारख्या किती जणी असतील, असे मनात येते.

सकाळी परतताना या मुली मला समोरून येताना दिसतात. तिघी-चौघी ओळीने, वेण्यांना रिबिनी, कॅरिअरला दप्तर. उतार आला की पायडल थांबवून पाय पसरतात आणि ओरडतात. मला वाटायचे सायकल म्हणजे त्यांची गरज, आणि नातवाची सायकल म्हणजे हौस. तो उतार पाहिल्यावर हा फरक माझ्या मनातून गेला. गरज आणि आनंद एकाच सायकलीवर डबल सीट बसू शकतात. त्यांच्यावर पायी चालण्याची वेळ आणणारे आणि सायकलीला गरिबीची खूण ठरवणारे आपणच. आपण मोठी माणसे.

म्हणून माझे मत असे आहे. एक, सायकल ही बारावीनंतर सोडून द्यायची वस्तू नव्हे. नोकरी लागली, गाडी आली, तरी ती दारात असू द्या. निवृत्तीनंतर पाय विचारतील, तेव्हा उत्तर देता येईल. दोन, सगळे रस्ते गाड्यांसाठी रुंद करायची घाई नको. मोठ्या रस्त्यावर खनिजाचे आणि मालाचे ट्रक इतके धावतात की सायकलवाल्याला कडेची पांढरी रेघसुद्धा उरत नाही. तिथे मुलींसाठी वेगळी पट्टी हवी, आणि ती मागायला आपण म्हाताऱ्यांनी पुढे व्हायला हवे, आपल्याला वेळ आहे. पांदण रस्त्यांसाठी राज्य सरकारने २०२१ मध्ये मातोश्रींच्या नावाने योजना काढली आहे. पांदणी मोकळ्या राहिल्या तर शेतकऱ्याचे बैल आणि शाळेच्या सायकली दोन्ही त्यावरून जातील. तीन, कुणाच्या पडवीत सायकल पडून असेल तर ती विकू नका. कुणाला तरी शाळा लांब पडत असते.

आता चिरंजीवांसाठी. तुझी भीती खोटी नाही. या वयात खुब्याचे हाड मोडले तर माणूस अंथरुणाला खिळतो, हे मी सोबत्यांच्या बाबतीत पाहिले आहे. म्हणून नियम केले आहेत. मोठ्या रस्त्यावर जायचे नाही. जंगलात एकट्याने शिरायचे नाही. वाघ होतेच, २०२१ पासून छत्तीसगडहून आलेले रानटी हत्तीही जिल्ह्यात आहेत. डोक्यावर हेल्मेट, खिशात फोन, आणि कोणत्या पांदणीने गेलो ते घरी सांगून जायचे. वाळू आली की उतरायचे. पण घरी बसलेला माणूस पडत नाही असे थोडेच आहे? आमचा एक सोबती निवृत्त झाल्यापासून खुर्चीत बसून होता. तो न्हाणीघरात पडला.

सौ.ला हे सगळे आवडत नव्हते. तिने एकच प्रश्न विचारला, "याला कॅरिअर कुठे आहे?" लग्नानंतर आलापल्लीच्या एसटी थांब्यावरून मी तिला सायकलच्या कॅरिअरवर बसवून घरी आणले होते, मांडीवर ट्रंक. तिच्या हिशेबाने जिच्यावर दुसरे माणूस बसू शकत नाही ती सायकलच नव्हे. मला ते पटले. बाजारातल्या सायकल दुकानातून कॅरिअर, मडगार्ड, स्टँड आणि घंटी बसवून आणली. नातवाने फोटो पाहून कपाळावर हात मारला. "आजोबा, माउंटन बाईकचा पार सत्यानाश केलात!"

सौ. मागे बसत नाही, गुडघे वाकत नाहीत. पण काल सकाळी निघताना तिने कॅरिअरला पिशवी अडकवली आणि म्हणाली, नदीकडे वांगी ताजी मिळतात, अर्धा किलो आणा. आणली. शिवाय, दूधही विसरलो नाही.