बर्फ पाहावा चालून

भर हिवाळ्यात गुलमर्गला निघालो म्हटले की हटकून प्रश्न येतो, "स्कीइंग येते वाटते?" नाही बुवा! पायांना फळ्या बांधून उतारावरून झेपावणाऱ्यांची ऐट मोठी खरी. पण बर्फ काही त्यांच्याच नावावर लिहून दिलेला नाही. टंगमर्गला गुडघ्याएवढे गमबूट भाड्याने मिळतात, तेवढे भांडवल पुरे. तेथून गुलमर्ग १३ किलोमीटर. सुमारे २,६५० मीटर उंचीवरच्या या पठारावर उन्हाळ्यात जेथे गोल्फ खेळतात, तेथे जानेवारीत पाय गुडघ्यापर्यंत रुततो.

२१ डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांना काश्मिरी लोक 'चिल्लई कलान' म्हणतात. पुढे वीस दिवसांचा 'चिल्लई खुर्द' आणि मग दहा दिवसांचा 'चिल्लई बच्चा'. थंडीलासुद्धा लेकुरवाळी करून टाकली आहे!

सकाळी, घोळके येण्यापूर्वी, १९०२ सालच्या दगडी चर्चकडे चालत जावे. ताज्या बर्फाच्या कणांत हवा कोंडलेली असते, म्हणून तो आवाज गिळतो. आपल्या बुटांची करकर तेवढी ऐकू येते. मधूनच एखाद्या फांदीवरचा ढीग धप्पकन खाली येतो. गंडोल्याचा पाळणा आहेच. पहिला टप्पा १९९८ चा, दुसरा २००५ चा. पण दुसरा जवळजवळ चार हजार मीटरांवर नेतो, तेव्हा दमेकऱ्यांनी पहिल्यावरच समाधान मानावे.

खरा पेच पडला घसरगाडीपाशी. लाकडी पाटाला दोरी बांधलेली. चढावर माणूस आपल्याला ओढतो, उतारावर तोच पुढे बसून पायांनी दिशा देतो. आमची ही अडून बसली. "माणसाने माणसाला ओढायचे? मला नाही जमायचे."

गाडीवाला शांतपणे म्हणाला, "माताजी, उन्हाळ्यात घोडा चालवतो, हिवाळ्यात ही गाडी. आपण बसला नाहीत तर आज चूल कशी पेटायची?"

आता यावर काय बोलणार? दया दाखवून कोणाचे पोट भरत नाही, हे मला पटते. तरी ओढवून घेणे हिला पटत नव्हते. शेवटी हिनेच तोड काढली. चढ त्याच्याबरोबर पायी, उतार गाडीवर, भाडे मात्र पूर्ण. वाटेत त्याच्या मुलींची शाळासुद्धा विचारून झाली.

उतरताना ही जी किंचाळली! खाली चहाच्या टपरीत गाडीवाल्याच्या भावाने फेरनाखालून निखाऱ्यांची कांगडी काढून हिच्या हातांत दिली. बोटांत ऊब आल्यावर ही मला म्हणते, "अजून एक चढ चालाल ना?"