वॅट दुप्पट, आवाज दुप्पट?

एका मित्राने परवा दीड लाखाचे स्पीकर घेतले आणि आता ५० वॅटचा अॅम्प विकून १०० वॅटचा घ्यायचं खूळ डोक्यात शिरलंय. "आवाज डबल होईल ना रे?" नाही होणार बाबा! वॅट दुप्पट केले की वाढतात फक्त ३ डेसिबल. कानाला दुप्पट वाटायला साधारण १० लागतात, म्हणजे दहापट वॅट!

त्यापेक्षा स्पीकरची सेन्सिटिव्हिटी बघा. ८६ ऐवजी ८९ डेसिबलचा घेतला असता तर तेच ३ डेसिबल फुकटात. दुसरं, इम्पिडन्स. खोक्यावर ८ ओहम छापलेलं असलं तरी काही फ्रिक्वेन्सींना तो ४च्या आसपास उतरू शकतो. तिथे करंट पुरवणारा अॅम्प हवा. नुसता वॅटचा आकडा काय चाटायचाय?

आणि डॅक? मीही एकदा बोनस त्यात घातला होता. मग आवाज सारखा ठेवून बायकोला गुपचूप वायरी बदलायला लावल्या. जुना कुठला, नवा कुठला, छातीठोक सांगता येईना!

तेव्हा आधी स्पीकर, मग त्याला पेलणारा अॅम्प. डॅकलाच व्हॉल्यूम कंट्रोल असेल तर प्रीअॅम्पवाचून बहुतेकांचं काही अडत नाही. पटतंय का बघा.