खो-खोपटूंचीही कार्डं हवीत

एकेकाळी ‘बिग फन’ बबलगमसोबत क्रिकेटपटूंची चित्रं मिळत. त्यांवर धावा किंवा बळी छापलेले असत. एकच चित्र दोनदा आलं की पोरं अदलाबदल करत.

खेळाडूंची अशी चित्रं, म्हणजे कार्डं, जमवण्याचा छंद पोरखेळ नाही. 1909 ते 1911 दरम्यानच्या कार्ड-मालिकेतलं बेसबॉलपटू होनस वॅग्नरचं कार्ड 2022 मध्ये 72.5 लाख डॉलरना विकलं गेलं.

आपल्याकडे मात्र कार्ड म्हटलं की क्रिकेटच! कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकलेल्या खाशाबा जाधवांनी 1952 मध्ये हेलसिंकीत कुस्तीचं कांस्यपदक मिळवलं. जानेवारी 2025 मध्ये प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली भारतीय महिलांनी खो-खोचा पहिला विश्वचषक जिंकला. हिंगोली जिल्ह्यातल्या साखऱ्याच्या पोरींनी यांची कार्डं कुठून आणायची? महाविद्यालयांनी आपल्या माजी खेळाडूंची कार्डं छापावीत: पुढे फोटो, मागे गाव, खेळ, पदकं. सुरुवात येत्या स्नेहसंमेलनातच करावी.