विमा दोन, बिल एक: भार कोणाच्या माथी?

वीस वर्षांची सेवा करून निवृत्त होणारा अमेरिकन सैनिक बहुधा चाळिशीच्या आसपास असतो. तो दुसरी नोकरी धरतो आणि तिच्याबरोबर मालकाचा आरोग्यविमाही त्याला मिळू शकतो. लष्कराची ‘ट्रायकेअर’ योजना तर त्याच्यापाशी असतेच. आजारपण एक आणि विमे दोन, अशा वेळी इस्पितळाचे बिल आधी कोणी भागवायचे, हा प्रश्न वरकरणी हिशेबनिसाचा वाटला तरी वस्तुतः तो राजकोषाचा आहे.

कायद्याचे उत्तर निःसंदिग्ध आहे: खाजगी विमा प्रथम, ट्रायकेअर नंतर. गरिबांसाठी असलेली ‘मेडिकेड’ योजना याला अपवाद असून तेथे ट्रायकेअर आधी पैसे देते. वयाच्या पासष्टीनंतर सामान्यतः ‘मेडिकेअर’ पहिला वाटा उचलते आणि २००१ पासून ‘ट्रायकेअर फॉर लाइफ’ उरलेला भार घेते. मात्र त्यासाठी मेडिकेअरच्या ‘भाग बी’ची वर्गणी भरावी लागते.

परंतु हा क्रम दुसरा विमा घेतला असेल तरच लागू पडतो. आणि तो घ्यावा असे वाटायला कारण काय? निवृत्त सैनिकाच्या कुटुंबाला ‘ट्रायकेअर प्राइम’ची वार्षिक वर्गणी १९९५ साली ४६० डॉलर होती, २०११ पर्यंत तीत वाढ झाली नाही. दरम्यान खाजगी विम्याचे हप्ते वाढतच होते. कित्येकांनी मालकाचा विमा नाकारला, यात नवल नाही. काही मालक तर तो नाकारण्यासाठी प्रलोभनेही देत. वीस किंवा अधिक कामगार असलेल्या मालकांना असे करण्यास अमेरिकन काँग्रेसने १ जानेवारी २००८ पासून मनाई केली. तथापि प्रलोभन थांबले, तरी वर्गणीतील तफावत कायम राहिली. २००१ साली सुमारे १९ अब्ज डॉलर असलेला लष्करी आरोग्यखर्च दशकभरात ५० अब्जांवर गेला. युद्धे आणि नव्या सवलती ही त्याची कारणे होतीच. पण संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी या स्वस्त वर्गणीकडेही बोट दाखवले होते.

सैनिकाला दोष देणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. अल्प वेतन, वारंवार होणाऱ्या बदल्या आणि जिवाची जोखीम यांच्या मोबदल्यात ही सवलत त्याला मिळालेली आहे. म्हणूनच सुधारणा बिचकत झाली. १ जानेवारी २०१८ पासून भरती झालेल्यांना निवृत्तीनंतर अधिक वर्गणी पडेल. पण त्यांच्यापैकी बहुतेक जण निवृत्त होणार ते २०३८ च्या सुमारास वा त्यानंतर! तोवर तिजोरीला या वाटेने फारसा दिलासा नाही.

सैनिकाची सवलत न काढताही एक उपाय उरतो. निवृत्त सैनिकाला कामावर घेऊन त्याच्या आरोग्यविम्याचा खर्च वाचवणाऱ्या मालकाकडून काही अंशदान घेता येईल. आश्वासन सैनिकाला दिलेले होते. त्याच्या नव्या मालकाला नव्हे.