डोंगर किती उंच, हे कुठून मोजायचं? अरवलीच्या वादात गडहिंग्लजनं काय पाहावं?

सर्वोच्च न्यायालयानं २० नोव्हेंबर २०२५ रोजी अरवली डोंगररांगांची एक व्याख्या मान्य केली. आजूबाजूच्या जमिनीपासून किमान १०० मीटर उंच असेल, तोच अरवलीचा डोंगर. त्यानंतर सोशल मीडियावर अरवली वाचवण्याची मोहीम सुरू झाली आणि २९ डिसेंबर २०२५ रोजी न्यायालयानं स्वतःच्याच आदेशाला स्थगिती दिली. राजस्थानातल्या १२,०८१ टेकड्यांपैकी फक्त १,०४८ टेकड्या या निकषात बसतात, अशी टीका झाली होती. ती खरी आहे का, हेही तपासायला हवं, असं न्यायालयानं म्हटलं.

ही व्याख्या महाराष्ट्राला लागू नव्हती. पण त्यातून पुढे आलेला प्रश्न गडहिंग्लजच्या सामानगडापासून कळसूबाईपर्यंत सगळीकडे सारखाच आहे. डोंगराची उंची म्हणजे नेमकं काय?

सर्वांत उंच जागा शोधायची कशी?

वाटतं तितकं हे सोपं नाही. सामानगडासारख्या गडांचा माथा सपाट असतो. अशा पठारावर उभं राहिलं की समोरचा कडा आपल्यापेक्षा उंच वाटतो आणि तिथं गेलं की मागची जागा उंच वाटू लागते. नुसत्या नजरेनं यात फसायला होतं.

नकाशाही पुरेसा नसतो. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशांवर समोच्च रेषा साधारण २० मीटरच्या अंतरानं असतात. शेवटच्या रेषेच्या आत माथा नेमका कुठे आहे, हे रेषेवरून कळत नाही. उपग्रहावरून तयार केलेली मोफत माहिती बहुतेकदा ३० मीटर बाय ३० मीटरच्या चौकोनाला एकच उंची देते. त्यामुळे टोकदार शिखर प्रत्यक्षापेक्षा बुटकं दिसतं.

म्हणून खात्रीची पद्धत एकच. माथ्यावर जायचं, उंच वाटणाऱ्या सगळ्या जागांची लेव्हल आणि स्टाफनं आपसांत तुलना करायची आणि जी जागा वरचढ ठरेल तिथं अचूक जीपीएस यंत्र लावायचं. जमीन मोजणीला भूमी अभिलेख विभाग वापरतो ते रोव्हर याच जातीचं यंत्र. मोजायची ती नैसर्गिक जमीन. बुरूज, चौथरा किंवा कळसूबाईच्या माथ्यावर आहे तसं देऊळ उंचीत धरायचं नाही.

मग मोबाइल वेगळाच आकडा का दाखवतो?

कारण उपग्रह समुद्रसपाटीपासून उंची मोजत नाहीत. ते पृथ्वीच्या एका गणिती, गुळगुळीत आकारापासून मोजतात. भारताच्या परिसरात समुद्रसपाटीची पातळी या आकाराच्या बरीच खाली आहे. दुरुस्ती न करता आकडा दाखवणारं ॲप कोल्हापूर जिल्ह्यात पन्नास मीटरांहून जास्त चुकू शकतं.

इंग्लंडमधल्या काफ टॉप या डोंगराचं उदाहरण बोलकं आहे. तिथं २,००० फूट, म्हणजे ६०९.६ मीटर ओलांडले की डोंगराला पर्वत मानायची पद्धत आहे. २०१० मध्ये काफ टॉप ६०९.५७९ मीटर भरला आणि थोडक्यात हुकला. २०१६ मध्ये तो ६०९.६०६ मीटर ठरला आणि पर्वत झाला. या काळात डोंगर वाढला नव्हता. समुद्रसपाटी ठरवायचं गणित सुधारलं होतं.

खरा वाद पायथ्याचा

शिखर यंत्रानं सापडतं, पण पायथा माणसांना ठरवावा लागतो. गडहिंग्लज शहरच समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरांहून उंच आहे. समजा, तालुक्यातली एखादी टेकडी समुद्रसपाटीपासून ७८० मीटर उंच आहे. ऐकायला आकडा मोठा. पण पायथा नदीकाठच्या ६५० मीटरवर धरला तर तिची उंची १३० मीटर आणि मधल्या पठारावरच्या ७०० मीटरवर धरला तर फक्त ८०. शंभर मीटरच्या नियमात तीच टेकडी एकदा डोंगर ठरेल, एकदा ठरणार नाही. त्यामुळे असा नियम करताना पायथा कोण ठरवणार, हे आकड्याइतकंच महत्त्वाचं असतं.

महाराष्ट्रात काय नियम आहेत?

इथं उंची हा मुख्य निकष नाही. पुण्यासारख्या शहरांच्या बांधकाम नियमांत उतार पाहिला जातो. १:५ पेक्षा तीव्र उतारावर बांधकामाला बंदी आहे. पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्रासाठी केंद्रानं ३१ जुलै २०२४ रोजी काढलेल्या मसुद्यात राज्यातलं १७,३४० चौरस किलोमीटर क्षेत्र आहे आणि त्यात गाव हा घटक धरला आहे. गडहिंग्लजच्या शेजारच्या आजरा, चंदगड आणि भुदरगड तालुक्यांतली गावं या यादीत येतात. अशा क्षेत्रात खाणकामाला बंदी प्रस्तावित आहे.

यादीबाहेरच्या टेकड्यांचं काय? तिथं मुरूम आणि दगडासाठी परवानगी मिळू शकते. जास्त उत्खनन झाल्याची तक्रार आली तर महसूल विभाग ईटीएस यंत्रानं मोजणी करून किती ब्रास माल गेला ते काढतो. त्यासाठी आधीची जमीन किती उंच होती हे माहीत असावं लागतं. ती नोंद नसेल तर खड्डा दिसतो, पण त्याचा हिशेब वादात अडकतो.

म्हणजे गावाजवळच्या टेकडीची मोजणी हा फक्त हौशी गिर्यारोहकांचा छंद नाही. फेब्रुवारी २०२१ च्या केंद्राच्या नव्या धोरणानंतर भारतीय नागरिकांना आणि संस्थांना मोजणी व नकाशासाठी, संवेदनशील ठिकाणं वगळता, पूर्वपरवानगी लागत नाही. एखादी ग्रामपंचायत किंवा अभियांत्रिकी महाविद्यालय माथा, पायथा आणि उतार मोजून तारखेसह नोंद ठेवू शकतं. उद्या डोंगराची व्याख्या कशीही बदलली, तरी आज तो किती होता याचा पुरावा गावाच्या हातात राहील.